नवा ब्लूटूथ कीबोर्ड मोबाइलला जोडला जातो, डेस्कटॉपला का नाही?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वडिलांसाठी नवा ब्लूटूथ कीबोर्ड आणला. मोबाइलला तो मिनिटाभरात जोडला गेला, त्यावर टायपिंगही झालं. डेस्कटॉपवर विंडोज ११ आहे, तिथे मात्र बहुतेक वेळा यादीत त्याचं नावच येत नाही. आलं तर नुसतं गोल फिरत राहतं. एकदा सहा आकडी नंबर दिसला आणि बघता बघता गेला. शेवटी 'पुन्हा प्रयत्न करा' एवढाच निरोप. ड्रायव्हर, म्हणजे ब्लूटूथ चालवणारा प्रोग्राम, तीन वेळा टाकून झाला, एक ड्रायव्हर शोधून देणारं सॉफ्टवेअरही चालवून पाहिलं. डेस्कटॉप दोन वर्षांपूर्वी असेम्बल करून घेतलेला आहे, टेबलाखालच्या लाकडी कप्प्यात असतो आणि इंटरनेट केबलने येतं. आता विंडोज नव्याने टाकायचं की कीबोर्ड परत करायचा, असं तुम्ही विचारलं आहे.

आज तरी यातलं काहीच करू नका. तुमच्या वर्णनात दोन धागे आहेत आणि ते दोन्ही विंडोजकडे जात नाहीत. माझं दुरुस्तीचं दुकान एकवीस वर्षं आहे. 'कीबोर्ड जोडला जात नाही' म्हणून येणाऱ्यांपैकी बरेच जण आधी विंडोज फॉरमॅट करून आलेले असतात. फोटो, हिशेब, टॅलीचा बॅकअप गेलेला असतो आणि कीबोर्ड तसाच असतो. ते बघून मला खरोखर वाईट वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

'जोडला जात नाही' या तीन शब्दांत तीन वेगवेगळे बिघाड असतात. आधी कीबोर्ड हाक मारतो: मी इथे आहे, मला कोणी घ्या. कॉम्प्युटरला ती हाक ऐकू आली की यादीत नाव उमटतं. मग दोघांत एक गुप्त किल्ली ठरते. सहा आकडी नंबर येतो तो याच वेळी. त्यानंतर ती किल्ली दोघांनीही जपून ठेवायची असते, म्हणजे दुसऱ्या दिवशी ओळख लगेच पटते. नाव दिसत नसेल तर हाक पोचत नाही. नाव दिसून पुढे सरकत नसेल तर किल्ली ठरत नाही. जोडून पुन्हा सुटत असेल तर किल्ली एकाकडे आहे आणि दुसऱ्याकडे नाही. तुमच्याकडे पहिले दोन्ही प्रकार आलटून पालटून होताहेत, आणि असं आलटून पालटून होणं हीच मोठी खूण आहे. सॉफ्टवेअरचा दोष बहुधा प्रत्येक वेळी एकाच जागी अडवतो. कधी दिसतं, कधी नाही, कधी अर्ध्यात तुटतं, असं झालं की मला आधी सिग्नलचा संशय येतो.

आता पहिला धागा. तुम्ही सहज लिहून गेलात की इंटरनेट केबलने येतं. म्हणजे या कॉम्प्युटरवर वाय-फाय कधी वापरलंच नाही. कॅबिनेट कप्प्यातून बाहेर ओढा आणि मागची बाजू बघा. जिथे माउस, कीबोर्ड, केबल लागतात त्या पट्टीत सोनेरी रंगाच्या, आट्यांच्या दोन छोट्या नळ्या दिसतील. त्या उघड्या आहेत का? उघड्या असतील तर माझ्या अंदाजाने अर्धं निदान झालं. मदरबोर्डवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य बोर्डवर, वाय-फाय आणि ब्लूटूथ बहुतेक एकाच कार्डावर असतात आणि दोघांना अँटेनाही तीच लागते. बोर्डाच्या खोक्यात दोन अँटेना येतात. पण असेम्बल करणारा विचारतो, 'वाय-फाय लागणार आहे का?' आपण म्हणतो, 'नाही, केबल आहे.' मग अँटेना खोक्यातच राहतात आणि खोकं माळ्यावर जातं. ब्लूटूथ याच अँटेनावर चालतं हे त्या वेळी कोणी सांगत नाही. विंडोजमध्ये ब्लूटूथ चालू दिसतं, ड्रायव्हर बरोबर दिसतो, कुठेही बिघाडाचं पिवळं चिन्ह नाही. पण अँटेनाशिवाय त्या कार्डाला हातभर अंतरापलीकडचं धड ऐकू येत नाही. त्यात तुमचं कॅबिनेट पत्र्याचं, ते लाकडी कप्प्यात, आणि त्या नळ्या भिंतीकडे तोंड करून.

याची चाचणी फुकट आहे. कीबोर्ड हातात घ्या आणि कॅबिनेटच्या मागे, त्या नळ्यांपासून वीतभर अंतरावर धरा. तिथे जोडणी सुरू करून बघा. पडद्याकडे लक्ष ठेवायला घरातलं कोणीतरी उभं करा. नाव लगेच आलं, जोडलंही गेलं, आणि कीबोर्ड टेबलावर आणला की अक्षरं गळायला लागली किंवा एकच अक्षर चार-चारदा उमटलं, तर दोष अँटेनाचा. माळ्यावरचं खोकं शोधा. ते सापडलं नाही तर दुकानात आरपी-एसएमए जोडणीची वाय-फाय अँटेना मागा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळते. तालुक्याच्या गावी सीसीटीव्ही बसवणाऱ्याकडे विचारा, त्याच्याकडे बहुधा असते. जाताना नळ्यांचा जवळून फोटो काढून न्या. दिसायला तशीच पण आतली सुई उलटी असलेली दुसरी जात असते. ती आट्यांवर चढते, पण आत सुईवर सुई अडते आणि जोडणी नीट होत नाही.

नळ्या मुळीच नसतील तर बहुधा तुमच्या बोर्डात ब्लूटूथ नाही आणि कोणीतरी नखाएवढा ब्लूटूथ डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचायचा छोटा रेडिओ, मागे लावून दिलेला असणार. मग तो कुठल्या पोर्टात आहे ते बघा. निळ्या यूएसबी ३ पोर्टात, शेजारी बाहेरची हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह असेल तर त्याला तिथून हलवा. यूएसबी ३ वर डेटा धावतो तेव्हा त्यातून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओचा गोंगाट बाहेर पडतो, आणि ब्लूटूथ नेमकं त्याच पट्ट्यात, २४०२ ते २४८० मेगाहर्ट्झमध्ये बोलतं. हा माझा तर्क नाही. इंटेलने २०१२ साली यावर सविस्तर टिपण काढलं होतं. उपाय साधा आहे: मीटरभराची यूएसबी एक्स्टेन्शन केबल घेऊन डोंगल टेबलावर आणायचा. दिसायला बरं दिसत नाही, पण माझ्या गिऱ्हाइकांपैकी अनेकांचं गाडं तेवढ्यावर सुरळीत झालं आहे.

बोर्डात ब्लूटूथ असताना वर आणखी डोंगल लावू नका. विंडोज एका वेळी एकाच ब्लूटूथ रेडिओवर काम करतं. डोंगल वापरायचाच असेल तर आधी विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये (कॉम्प्युटरच्या सगळ्या भागांची यादी असते तिथे) जाऊन बोर्डातलं ब्लूटूथ बंद करा. नाहीतर दोघांच्या ओढाताणीत आणखी एक दिवस जाईल.

दुसरा धागा मोबाइलचा. तो जोडला गेला ही चांगली बातमी आहे, कारण कीबोर्ड शाबूत आहे हे त्याने सिद्ध झालं. पण अडचणही तीच आहे. कीबोर्ड सुरू झाला की आधी आपल्या ओळखीच्याला शोधतो. तुमचा मोबाइल खिशात आहे, त्याचं ब्लूटूथ चालू आहे. कीबोर्ड चालू केल्याबरोबर तो गुपचूप मोबाइलला जाऊन चिकटतो, आणि एकदा तिकडे जोडला गेला की नव्या कोणाला हाक मारत नाही. तुम्ही कॉम्प्युटरसमोर बसून यादीत नाव येण्याची वाट बघत राहता.

माझ्याकडे एक निवृत्त शिक्षिका येत. गावातल्या जुन्या बायकांकडून ओव्या गोळा करून त्या टाइप करायचं काम त्यांनी हाती घेतलं होतं. कीबोर्ड मुलाने आणून दिला होता. तीनदा त्या तो घेऊन दुकानात आल्या, तिन्ही वेळा माझ्यासमोर तो व्यवस्थित जोडला गेला, आणि घरी गेल्यावर बंद. चौथ्या वेळी मीच घरी गेलो. त्या टाइप करत होत्या, पडदा कोरा होता, आणि शेजारच्या खोलीत नातवाच्या टॅबलेटवर शोधायच्या चौकटीत ओवीच्या ओळी उमटत होत्या. खोकं उघडलं त्या दिवशी नातवाने कीबोर्ड टॅबलेटला लावून पाहिला होता. टॅबलेटमधून तो काढून टाकला आणि त्यांचं काम मार्गी लागलं. बाई तीन फेऱ्यांत स्वतःलाच दोष देत होत्या, 'मला हे जमत नाही' म्हणत होत्या. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. तेव्हापासून मी प्रत्येकाला पहिला प्रश्न हाच विचारतो: हा आधी आणखी कशाला जोडला होता का?

म्हणून मोबाइलच्या ब्लूटूथ यादीत जाऊन हा कीबोर्ड 'फर्गेट' करा. नुसता डिस्कनेक्ट नको, फर्गेट. मग काम होईपर्यंत मोबाइलचं ब्लूटूथ बंदच ठेवा. विंडोजच्या यादीतही त्याचं अर्धवट नाव राहिलं असेल तर 'रिमूव्ह डिव्हाइस' करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'व्ह्यू' मेनूतून लपलेली डिव्हाइस दाखवायला सांगा. ब्लूटूथच्या खाली त्याच कीबोर्डाची फिकट नावं दिसली तर तीही अनइन्स्टॉल करा. हे दोन्ही बाजूंनी करणं महत्त्वाचं आहे. एका बाजूने ओळख पुसली आणि दुसऱ्या बाजूने ठेवली, तर एक जण जुनी किल्ली दाखवतो आणि दुसरा ती मानत नाही. पडद्यावर मात्र कारण कधीच येत नाही, फक्त 'पुन्हा प्रयत्न करा' येतं.

कीबोर्डावर १, २, ३ अशा तीन जागा आहेत का बघा. हल्ली बऱ्याच कीबोर्डांवर त्या असतात, एफएन बटणाबरोबर किंवा वेगळ्या रंगात. प्रत्येक जागा एकाच यंत्राची ओळख ठेवते. मोबाइल १ वर असेल तर कॉम्प्युटरसाठी २ घ्या. ते बटण नुसतं दाबून उपयोग नाही, साधारण तीन सेकंद दाबून धरायचं, दिवा भराभर लुकलुकायला लागेपर्यंत. सावकाश लुकलुकणं म्हणजे बहुधा जुन्या ओळखीचा शोध, भराभर म्हणजे नवी जोडणी. कंपनीगणिक थोडा फरक असतो, तेव्हा खोक्यातला कागद एकदा वाचा. भराभर लुकलुकणं दोन-तीन मिनिटंच टिकतं. आधी दिवा सुरू करून मग विंडोजमध्ये मेनू शोधत बसलात तर तेवढ्यात वेळ संपतो. उलट करा: विंडोजमध्ये 'अ‍ॅड डिव्हाइस', मग 'ब्लूटूथ' इथपर्यंत येऊन थांबा आणि मग कीबोर्डचं बटण दाबा.

आता त्या दिसून गेलेल्या सहा आकड्यांबद्दल. माझी जवळजवळ खात्री आहे की तुम्ही तो नंबर बघितला आणि पुढे काही होईल म्हणून वाट पाहिलीत. सगळ्यांचं असंच होतं, कारण ओटीपीची सवय आहे आणि ओटीपी भरायला समोर चौकट असते. इथे चौकट नसते. तो नंबर नव्या, अजून न जोडलेल्या कीबोर्डवरच टाइप करायचा आणि शेवटी एंटर दाबायचा. जुन्या वायरच्या कीबोर्डवर टाकून काही होणार नाही. टाइप करताना पडद्यावर कदाचित काहीच उमटणार नाही, तरी टाकत राहा. ते आकडे कीबोर्ड स्वतःच वाचत असतो, कॉम्प्युटरकडे अजून अक्षरं जातच नसतात. त्यामुळे कॉम्प्युटरवर मराठी चालू आहे की इंग्रजी, याचाही इथे संबंध नाही. आकडे वरच्या ओळीतले वापरा. उजवीकडच्या आकड्यांच्या पॅडवर नम लॉकचा घोळ होऊ शकतो. अर्ध्या मिनिटात हे उरकायचं, त्यानंतर जोडणी आपोआप मोडते. एक आकडा चुकला तर खोडत बसू नका, रद्द करून नव्याने सुरू करा. नवीन नंबर येईल.

हा उपद्व्याप कशासाठी, असं वडील विचारतील. कीबोर्डवरून पासवर्ड जातात. पडद्यावरचा नंबर बघून तोच नंबर कीबोर्डवर टाकणारा माणूस एकच आहे, एवढं त्यातून पक्कं होतं; भिंतीपलीकडचं कुणाचं यंत्र मध्ये घुसू शकत नाही. माउस असा नंबर मागत नाही, कारण त्याला आकडे टाकायला जागाच नाही. काही कीबोर्डही मागत नाहीत. मागितला तर मात्र टाकावाच लागतो.

अँटेना ठीक निघाली, मोबाइल विसरवला, नंबरही टाकला आणि तरी अडलं, तरच विंडोजकडे वळा. तिथे दोन गोष्टी बघा. विंडोज ११ सुरुवातीला ब्लूटूथची सगळीच यंत्रं यादीत दाखवत नाही. 'ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस'मध्ये 'डिव्हाइसेस'च्या पानावर खाली 'ब्लूटूथ डिव्हाइसेस डिस्कव्हरी' आहे, ते 'डीफॉल्ट'वरून 'अ‍ॅडव्हान्स्ड' करा. दुसरं, कॉम्प्युटरला एकदा पूर्ण विजेविना ठेवा. शट डाउन केल्यावरही मदरबोर्डला थोडी वीज मिळत राहते आणि ब्लूटूथचं कार्ड अडकलेल्या अवस्थेतच झोपतं. भिंतीवरचं बटण बंद करा, पॉवर केबल काढा, कॅबिनेटचं बटण पंधरा सेकंद दाबून धरा, दोन मिनिटांनी पुन्हा लावा. ब्लूटूथचा पर्यायच विंडोजमधून गायब झाला होता आणि एवढ्याने परत आला, असं मी अनेकदा पाहिलं आहे.

ड्रायव्हर मदरबोर्डाच्या कंपनीच्या पानावरूनच घ्या. तुम्ही चालवलेलं ते शोधून देणारं सॉफ्टवेअर काढून टाका. अशी सॉफ्टवेअरं भलत्याच आवृत्तीचा ड्रायव्हर बसवतात आणि सोबत नको त्या गोष्टी आणतात.

सेल घालायचा कीबोर्ड असेल तर सेल नवे, अल्कलाइन घाला. टीव्हीच्या रिमोटमधून काढलेले पेन्सिल सेल नकोत. नव्या जोडणीच्या वेळी रेडिओ सतत हाका मारतो, तेव्हाच अशक्त सेल मान टाकतो.

ज्यांचा कॉम्प्युटर जुना आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट, तुम्हाला ती बहुतेक लागू नाही. हल्लीचे बरेच कीबोर्ड फक्त कमी विजेवर चालणारं ब्लूटूथ वापरतात. ते ४.० पासून आलं, आणि विंडोज ७ त्याला मुळात ओळखत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ब्लूटूथ कार्डाच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' पानावर ब्लूटूथची आवृत्ती सांगणारा एलएमपी आकडा असतो. तो ६ किंवा जास्त हवा. ४ म्हणजे ब्लूटूथ २.१, ५ म्हणजे ३.०, तिथे नवा कीबोर्ड कितीही वेळ लुकलुकला तरी दिसणार नाही.

परत करण्याबद्दल. मोबाइलला जोडला जातो म्हणून दुकानदार तो सदोष मानणार नाही, आणि त्याचं म्हणणं खरं असेल. पण बदलून मिळत असेल आणि अँटेनाची खटपट नको असेल, तर ब्लूटूथ आणि स्वतःचा वेगळा यूएसबी डोंगल (वर सांगितलेला ब्लूटूथचा नव्हे) दोन्ही असलेला कीबोर्ड मागा. वडिलांसाठी मी स्वतः तोच घेतला असता. डोंगल आणि कीबोर्डची जोडी कारखान्यातच लागलेली असते, नंबर नाही, यादी नाही. शिवाय डोंगलवाला कीबोर्ड विंडोज सुरू होण्याआधीही चालतो. असेम्बल केलेल्या डेस्कटॉपवर ब्लूटूथवाला सहसा चालत नाही. उद्या विंडोजने सुरू होतानाच बिटलॉकरची, म्हणजे डिस्कच्या कुलपाची, किल्ली मागितली किंवा बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगमध्ये, शिरायची वेळ आली, तर ब्लूटूथ कीबोर्ड हाती असून नसल्यासारखा. तेव्हा काही ठरवलंत तरी जुना वायरचा कीबोर्ड टाकून देऊ नका. डोंगल मात्र सांभाळावा लागतो. स्वस्तातल्या जोडीचा डोंगल हरवला की कीबोर्ड बहुधा निकामी होतो. लॉजिटेकसारख्या कंपन्यांचे वेगळे डोंगल मिळतात, पण त्यांतही जाती आहेत: २००९ पासूनचा युनिफाइंग आणि २०२१ पासूनचा बोल्ट एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

आज संध्याकाळी एवढंच करा: मोबाइलमधून फर्गेट, मोबाइलचं ब्लूटूथ बंद, कॅबिनेट कप्प्याबाहेर, आणि कीबोर्ड मागच्या नळ्यांपासून वीतभर अंतरावर धरून जोडणी. मग तीन गोष्टी मला कळवा. मागे नळ्या उघड्या होत्या का, यादीत नाव यायला किती वेळ लागला, आणि नंबर आला तेव्हा दिवा भराभर लुकलुकत होता की सावकाश. कॅबिनेटच्या मागच्या बाजूचा फोटो जोडलात तर अँटेना कुठली घ्यायची तेही सांगता येईल.